हिऱ्याचं वजन वजा

कोकणातल्या समस्त सराफ आणि सुवर्णकार मंडळींना,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण एक अंगठी. तिच्याकडे येतोच, पण आधी मी कोण ते सांगायला हवं.

मी सत्तावीस वर्षं मुंबईत हिऱ्याच्या ऑफिसात असॉर्टर होतो. बरीच वर्षं ऑपेरा हाऊसला, शेवटची काही बीकेसीत, भारत डायमंड बोर्समध्ये. असॉर्टर म्हणजे सकाळपासून चिमटा आणि आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, घेऊन बसायचं, पुडी उघडायची आणि हिरे रंगाने, डागाने, कटाने वेगळे करत जायचं. हिरे शेटचे, डोळे आमचे. डोळे दमले तेव्हा देवगड तालुक्यातल्या घरी परत आलो आणि आता कलमं बघतो. पण ‘हो मुंबैक हिऱ्यांत होतो’ अशी एकदा ख्याती झाली की सुटका नसते. लग्नसराई उरकली किंवा चतुर्थी जवळ आली की कोणी ना कोणी डबी घेऊन आमच्या पडवीत येऊन बसतंच.

“बघ रे जरा. खरो मां?”

प्रश्न एवढाच. वजन किती, रंग कुठला, कशाला किती पैसे लावले, काही नाही. याच माणसाला सोन्याच्या पाटलीबद्दल विचारा. घट किती धरली, मजुरी किती लावली, कुठल्या दिवसाच्या भावाने घेतली, मोडायला गेलो तर काय हातात पडेल, सगळं तोंडपाठ. आमच्या आईला अक्षरओळख बेताची होती, पण सोनाराचा काटा ती डोळ्यांत तेल घालून बघायची. सोन्याच्या बाबतीत कोकणातलं गिऱ्हाईक तुम्हाला पिढ्यान्‌पिढ्या सवाल करत आलंय. हिऱ्यासमोर तेच गिऱ्हाईक गप्प बसतं, कारण काय विचारायचं तेच त्याला ठाऊक नसतं. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. हिऱ्याचा असा भाव कुठल्याच पेपरात येत नाही, येऊही शकत नाही, कारण दोन हिरे सारखे नसतात.

आता अंगठी. आमच्या वाडीतल्या एका बागायतदारांची. त्यांना आपण तात्या म्हणू. काही वर्षांमागे आंबा चांगला लागला, दरही चांगला मिळाला, म्हणून त्यांनी थोरल्या सुनेला सात खड्यांची हिऱ्याची अंगठी केली. ७२,००० रुपये रोख मोजले. दुकान जवळपासचंच. त्याचं नाव घेत नाही, दुसऱ्या कुठल्या दुकानात गेले असते तरी हे पत्र असंच झालं असतं.

गेल्या हंगामात मोहोरावर थ्रिप्स ही कीड पडली. फवारणीवर फवारणी चालली आणि औषधांना पैसे कमी पडले. सून म्हणाली, “माझी अंगठी ठेवा.” तात्या सोनेतारण कर्जासाठी गेले. मूल्यांककाने अंगठी काट्यावर ठेवली, ६.१४० ग्रॅम. मग भिंग लावलं, खडे मोजले, कागदाच्या कोपऱ्यात आकडेमोड केली आणि फॉर्मवर लिहिलं, खड्यांचं वजन वजा ०.१४०. निव्वळ सोनं ६.००० ग्रॅम. सोनं १८ कॅरेटचं, ते २२ कॅरेटच्या हिशेबात बसवलं तर ४.९ ग्रॅम. त्या ४.९ ग्रॅमवर कर्ज.

“आणि हिरे?”

“हिरे आम्ही धरत नाही, तात्या.”

तात्या तिथून तडक आमच्या पडवीत आले. पायरीवर चप्पल काढली आणि तो कागद माझ्या हातात दिला. “वजा म्हणजे काय रे? कचऱ्यासारखे वजा?” मी काय सांगणार! मूल्यांककाचं काही चुकलं नव्हतं. सोनेतारणात कर्ज मिळतं ते सोन्यावर, खड्यावर मिळत नाही. आपल्याकडे सोनं दागिना नंतर, आधी बँक. होडीचं इंजिन, पोराची फी, आईचं ऑपरेशन, सगळं त्याच्यावर उभं असतं. हिरा त्या बँकेत चालत नाही, एवढं एक वाक्य अंगठी विकताना काउंटरवर कोणी बोललं असतं, तर तात्यांनी पाटल्या केल्या असत्या. किंवा अंगठीच केली असती, पण समजून उमजून.

मग पावती मागितली. तात्यांनी ती जपून ठेवली होती, देवाच्या पोथीत घडी घालून. वर बारीक अक्षरांत ‘एस्टिमेट’. खाली एक ओळ: डायमंड रिंग, १ नग, वजन ६.१४०, रक्कम ७२,०००. संपलं.

मी खडे मोजपट्टीने मोजले. एकेक साधारण तीन मिलिमीटरचा. तीन मिलिमीटरचा गोल हिरा १० सेंटच्या आसपास भरतो, म्हणजे कॅरेटचा दहावा भाग. सात खडे म्हणजे ७० सेंट. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्या हिशेबाने ७० सेंटचे झाले १४० मिलिग्रॅम. मूल्यांककाचा आकडा चोख होता. पण दुकानाने सोन्याचा भाव ६.१४० ग्रॅमवर लावला की ६.००० वर, ते चिठ्ठीवरून कळायला मार्ग नाही. ६.१४० वर लावला असेल, तर ते १४० मिलिग्रॅम दोनदा विकले गेले, एकदा सोनं म्हणून आणि एकदा हिरा म्हणून. रक्कम फार नाही, काही शे रुपयांची. पण उरलेल्या रकमेत हिऱ्यांचे किती आणि मजुरीचे किती, तेही कळत नाही. माझा अंदाज, चाळीस-पंचेचाळीस हजार हिऱ्यांचे असावेत. ‘असावेत’ म्हणतो, कारण लिहिलेलंच नाही.

हिरे वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. रंग आय-जेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बिनरंगी, दोन खड्यांत काळे ठिपके, बाकीचे बऱ्यापैकी साफ. तात्यांना कोणी फसवलं असं मी म्हणत नाही, आणि मला खटकतं ते नेमकं हेच. फसवणूक झाली नाही, तरीही ७२ हजारांची वस्तू घेतलेल्या माणसाच्या हातात आपण काय घेतलं हे सांगणारा कागद नाही.

आता थोडं हिऱ्याबद्दल. तुमच्यातल्या जाणत्यांना हे सारं ठाऊक आहे, पण पत्र खुलं आहे, गिऱ्हाइकंही वाचतील.

पहिला घोळ शब्दाचाच. मराठीत सोन्याची शुद्धताही कॅरेट आणि हिऱ्याचं वजनही कॅरेट. शेजारच्या एक काकी मला कौतुकाने म्हणाल्या, “सुनेचा हिरा अठरा कॅरेटचा आहे हो!” अठरा कॅरेटचा गोल हिरा म्हणजे चांगल्या पोसलेल्या करवंदाएवढा. तो बोटात घालून सून वेंगुर्ल्याच्या बाजारात फिरली असती तर मागे पोलीस लावावे लागले असते. सोनं १८ कॅरेटचं होतं, म्हणजे शंभरात पंच्याहत्तर भाग, दागिन्यावर ७५० चा शिक्का. हिऱ्याला १८ किंवा १४ कॅरेटचं सोनं वापरतात ते मऊ २२ कॅरेटच्या नख्या खडा घट्ट धरत नाहीत म्हणून. हा खुलासा काउंटरवर करायला अर्धं मिनिट लागतं. तो केला नाही तर आकडा मोठा ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, आणि ती खुशी मोडायला कोणालाच नको वाटते.

दुसरा घोळ बेरजेचा. सात खडे मिळून ७० सेंट, पण घरी सांगताना ‘पाऊण कॅरेटचा हिरा’ होतो. एकच ७० सेंटचा हिरा आणि दहा-दहा सेंटचे सात हिरे यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हिरा मोठा होत जातो तसा त्याचा कॅरेटमागचा दरच चढत जातो. त्यातही अर्धा कॅरेट आणि एक कॅरेट अशा गोल आकड्यांवर दर एकदम उडी मारतो. म्हणून ज्याला एकच मोठा खडा हवाय त्याला मी सांगतो, एक कॅरेटचा हट्ट धरू नको, ९५ सेंटचा बघ. व्यासात फरक पडतो एक दशांश मिलिमीटरचा. बोटावर तो तुमच्या व्याह्यालाच काय, मलाही दिसणार नाही.

रंगाबद्दल मात्र मला जरा सावकाश बोलायचंय, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

जीआयए या अमेरिकन संस्थेने १९५३ साली रंगाची मोजपट्टी आणली. ती डीपासून झेडपर्यंत जाते. ए-बी-सी आधीच्या व्यापाऱ्यांनी आपापल्या पद्धतीने वापरून इतकी मळवली होती की संस्थेने ती सोडूनच दिली. त्यामुळे डी म्हणजे सगळ्यांत पांढरा, पाण्यासारखा. आमच्या एका भाच्याने ‘डी ग्रेड’ ऐकून अंगठी परत केली होती, शाळेतला डी समजून! डी-ई-एफ हे बिनरंगी, जी ते जे जवळजवळ बिनरंगी, केपासून पुढे पिवळसर झाक डोळ्यांना जाणवायला लागते. हे सगळं पांढऱ्या हिऱ्यांचं. गर्द पिवळे, गुलाबी, निळे हिरे या पट्टीत येत नाहीत, त्यांचं गणित निराळं.

ऑफिसात आम्ही रंग बघायचो तो उत्तरेच्या खिडकीशी. ऊन अंगावर येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. पांढरा कागद मधोमध दुमडून त्याची पन्हळ करायची, तिच्यात हिरे पालथे मांडायचे, माथा खाली आणि टोक वर, आणि बाजूने बघायचं. माथ्याकडून बघाल तर चमक डोळ्यांना फसवते. बाजूने पोटातला खरा रंग दिसतो. शेजारी रंग ठरलेले नमुन्याचे हिरे ठेवायचे, त्यांच्याशी ताडायचे. इतकं करूनही दोन असॉर्टर भांडायचे, एकाचा जी दुसऱ्याचा एच.

तुमच्या दुकानांत काय असतं? काउंटरवर छोटे प्रखर दिवे, काळी मखमल, चारी बाजूंना आरसे. त्या उजेडात मी आयग्लास लावूनही छातीठोक सांगणार नाही, मग गिऱ्हाइकाने काय ओळखायचं? दिवे काढा असं म्हणत नाही, दुकान आहे, देऊळ नव्हे. पण दागिना दोन मिनिटं दाराशी नेऊन बघायची मुभा द्या. आपल्याकडे आषाढ-श्रावणात जो करडा, ढगाळ उजेड असतो ना, ऊन नाही आणि अंधारही नाही, तो हिरा बघायला झकास. परवा तात्यांची अंगठी मी तशाच उजेडात, पावसाची सर थांबल्यावर, पडवीच्या कठड्यावर ठेवून बघितली. तरीही ‘आय-जेच्या आसपास’ एवढंच म्हणालो, कारण पिवळ्या सोन्यात बसवलेल्या खड्याचा रंग नेमका सांगता येत नाही, कोंदणाची पिवळी छाया त्यात उतरते. त्याचा फायदाही आहे. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी रंगाचे पैसे मोजणं मला उधळपट्टी वाटते. आय किंवा जे तिथे तितकाच गोरा दिसतो.

शुद्धतेबद्दल थोडक्यात. आयग्लास दहा पट मोठं दाखवते. त्या दहा पटींत अनुभवी माणसालाही काही सापडलं नाही तर फ्लॉलेस, मग डाग वाढतील तसे व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आणि शेवटी आय, जिथे डाग बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसतो. गंमत बघा, इथेही शब्दाचा घोळ आहे. रंगातला आय चांगला, शुद्धतेतला आय खालचा. चिठ्ठीवर नुसतं ‘आय’ लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? माझं मत विचाराल तर दोन वीत अंतरावरून डाग दिसत नसेल तेवढं पुरे. भिंगाखालच्या ठिपक्यासाठी जादा पैसे मोजणं ही हौस आहे. हौसेला मोल नसतं हे कबूल, पण ती हौस आहे हे कळून तरी केलेली असावी.

कटाबद्दल आपल्याकडे कोणी विचारत नाही, आणि मला सगळ्यांत जास्त हळहळ त्याचीच वाटते. रंग आणि डाग निसर्गाचे. कट तेवढा माणसाच्या हातचा, आणि तो हात बहुतेक वेळा आपल्या शेजारच्या सुरतेतला असतो. जगातल्या दर दहा हिऱ्यांतले नऊ तरी तिथे पैलू पाडून निघतात. गोल हिऱ्याला ५७ पैलू, टोकावर बारीक सपाटी ठेवली तर ५८. वरून आत शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर यायला हवा, तर हिरा हसतो. तळ फार खोल किंवा फार उथळ झाला की उजेड खालून गळतो, फुटक्या हंड्यातल्या पाण्यासारखा. कोन कसे असावेत याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की या बेल्जियन इंजिनिअराने १९१९ सालीच मांडून ठेवलंय. पण कारागिराला वजन राखायचं असतं, कारण पैसे वजनाचे मिळतात. मग तो कमरेला, म्हणजे हिऱ्याच्या कडेला, जाड ठेवतो, पोट वाढवतो. एक कॅरेटचा नीट पैलू पाडलेला गोल हिरा साडेसहा मिलिमीटर भरतो. पोट सुटलेला असेल तर सहाच्या थोडा वर. वजन तेच, पैसे कॅरेटचे, दिसायला लहान आणि वर निस्तेज. व्हीव्हीएस शुद्धतेचा पण कटाने बसका हिरा आणि एसआय शुद्धतेचा पण उत्तम कटाचा हिरा समोर ठेवले, तर मी दुसरा उचलीन. आमचा शेट पहिला विकायचा, कारण कागदावर तो जास्त ऐटबाज दिसतो.

खरा हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी वाचतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. एका गृहस्थांनी कानातला खडा पाट्यावर ठेवून वर वरवंटा आपटला, चुरा झाला, आणि तो खोटा होता असं घरभर जाहीर केलं. तो खरा असेलही. हिऱ्यावर ओरखडा सहज उठत नाही, पण ठरावीक दिशेने घाव बसला तर तो दुभंगतो. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली हे छापून ठेवलंय, की हातोडीने हिरा फुटतो. साडेचारशे वर्षं झाली, गोवा इथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि अजून आम्ही वरवंटा उचलतोच आहोत. वाफ घालून बघणं, पाण्याचा थेंब सोडणं हे प्रकारही तसेच. ‘अमेरिकन डायमंड’ ना अमेरिकन, ना डायमंड. तो झिरकॉनिया, तेवढ्याच आकाराच्या हिऱ्याहून दीडपटीहून जड. तुमच्याकडचं पेनासारखं यंत्र उष्णता किती झपाट्याने वाहते ते बघतं. ते झिरकॉनिया पकडतं, पण मोयसॅनाइट या हिऱ्यासारख्या दुसऱ्या खड्याला बहुधा हिराच म्हणतं.

आणि आता तो विषय, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आत्ताच लिहावंसं वाटलं. प्रयोगशाळेतला हिरा. बाजारात त्याला सरसकट ‘सीव्हीडी’ म्हणतात, वायूपासून हिरा वाढवायच्या रीतीवरून, पण दाब आणि उष्णता देऊन करायची एचपीएचटी ही जुनी रीतही आहे. प्रयोगशाळेत हिरा झाल्याची बातमी जगाला कळली १९५५ साली. तो नकली नसतो. तोच कार्बन, तोच कठीणपणा, तीच चमक, तुमचं पेन त्याला हिराच म्हणणार आणि बरोबरच म्हणणार. सत्तावीस वर्षं हिरे चाळून मी नुसत्या आयग्लासने हिरा खाणीतला की लॅबमधला हे सांगू शकत नाही. जो सांगतो म्हणतो त्याच्याकडे जाऊ नये. त्याला मोठी यंत्रं लागतात. तात्यांचे हिरे शेवटी पुतण्याच्या हाती मुंबईला पाठवून तपासून घेतले. नैसर्गिक निघाले, तात्यांना तीन आठवड्यांनी झोप लागली.

फरक आहे तो किमतीत. लॅबचा हिरा करावा तेवढा करता येतो, म्हणून त्याचा भाव गेल्या काही वर्षांत घसरत गेला. डी बीअर्ससारख्या खाणवाल्या कंपनीने २०१८ साली स्वतःच लॅबचे हिरे कॅरेटला ८०० डॉलर या सरधोपट दराने विकायला काढले होते. पुढे भाव इतका पडला की तो ब्रँडच तिने गुंडाळायला घेतला. आमच्या वाडीतली एक मुलगी पुण्यात नर्स आहे. तिने आईला लॅबच्या हिऱ्यांच्या कुड्या केल्या. दुकानदाराने तिला सरळ सांगितलं, ताई, हे लॅबचे आहेत, दिसायला काडीचा फरक नाही, पण परत विकायला आलात तर फारसे पैसे येणार नाहीत. सर्टिफिकेटवर तसं लिहून दिलं. तिने घेतल्या, आई शिमग्याला घालून मिरवली, सगळे खूश. म्हणून लॅबच्या हिऱ्यावर माझा राग नाही. माझा राग आहे तो ‘डायमंड’ एवढाच शब्द लिहून बाकीचं गिऱ्हाइकाच्या समजुतीवर सोडण्यावर.

तुमचीही एक अडचण आहे, ती मी जाणतो. बारीक खडे तुम्ही पुडीने घेता, कधी जांगडावर, म्हणजे खपला नाही तर परत या बोलीवर, आणता, एकेक कोण तपासणार? नैसर्गिकच्या पुडीत मूठभर सीव्हीडी मिसळून खपवणारे दलाल मी डोळ्यांनी बघितलेत. त्यात आधी फसता ते तुम्ही. पण पुडी मुंबईत तपासून मिळते. त्याचा खर्च गिऱ्हाइकाला सांगून लावा, मी तरी खुशीने देईन.

सर्टिफिकेटचंही एकदा बोलून टाकू. दुकानाने स्वतः छापलेलं गुळगुळीत कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, ती दुकानाची आपल्याच मालाबद्दलची प्रशस्ती झाली. जीआयए, आयजीआय अशा त्रयस्थ लॅबचा रिपोर्ट वेगळा. मोठ्या खड्याच्या कमरेवर बहुधा लेझरने रिपोर्टचा नंबर कोरलेला असतो. तो भिंगातून गिऱ्हाइकाला दाखवा आणि लॅबच्या साइटवर त्याच्यासमोर ताडून द्या. हाही खुलासा करा की रिपोर्ट किंमत सांगत नाही. कार्डावर कुठे विम्यासाठी म्हणून मोठा आकडा छापलेला असतो, तो बाजारात कोणी देत नाही. बसवलेल्या दागिन्याचा रिपोर्ट आणि सुट्या हिऱ्याचा रिपोर्ट यांतही फरक, कारण बसवलेल्या खड्याचं वजन आणि रंग दोन्ही अंदाजाने येतात.

सरकारने सोन्यापुरती सोय केली आहे. बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी नंबर दागिन्यावर असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर टाकून कोणीही पडताळू शकतं. पण हा शिक्का सोन्याचा, खड्याबद्दल तो काही बोलत नाही. आणि दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. आपल्याकडे सगळ्यांत जास्त खपणारा हिऱ्याचा दागिना कुठला? नाकातली चमकी. ती दोन ग्रॅमच्या बरीच आत. म्हणजे तिच्या सोन्याला शिक्का नाही, हिऱ्याला कागद नाही, आणि घेणारी बाई बहुधा बचतगटाच्या पैशांतून घेणारी. तिच्याजवळ उरतो तो तुमचा शब्द. तुमचा शब्द आजवर चांगलाच होता. माझ्या आईच्या पाटल्या तुमच्यातल्याच एकाच्या आजोबांनी घडवल्या, आजही त्यांचा टंच, म्हणजे सोन्याचा कस, बरोबर येतो. म्हणून तर हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

गिऱ्हाइकांच्या पदरातही थोडं माप घालतो. तात्यांनी ‘एस्टिमेट’ का घेतलं? जीएसटी वाचतो म्हणून. ७२,००० वर तीन टक्के म्हणजे २,१६० रुपये. तेवढ्यापायी हातात पक्कं बिल राहिलं नाही. ते असतं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता आला असता, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता आली असती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फीसुद्धा लागत नाही. आता आयोगाला काय दाखवणार, पोथीतली चिठ्ठी? तरी कच्च्या चिठ्ठीचा पर्याय काउंटरवर आधी कोण सुचवतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

एक फुकटचा सल्ला देतो, हवा तर गिऱ्हाइकांना तुमच्या नावाने द्या. हिऱ्याला तेलाचं फार वेड. खाणींत पूर्वी चरबी फासलेल्या फळ्यांवरून खडीचं पाणी सोडायचे, दगड वाहून जायचे आणि हिरे चिकटून राहायचे. आपल्या घरांत तर खोबरेल, सुरमईचं तळण, ओल्या नारळाचं वाटप. दोन महिन्यांत हिरा काळवंडतो आणि बाई म्हणते, खडा उतरला. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ जुना ब्रश. पुन्हा उजळतो.

तात्या त्याच दुकानात गेले होते. मालक चांगले बोलले, चहा पाजला, ‘बदली करून देतो, हिऱ्याला तीस टक्के कापून’ म्हणाले. तीस टक्के कशाचे? हिऱ्यांची रक्कमच लिहिलेली नाही. तिथे बोलणं थांबलं ते थांबलंच. अंगठी सध्या सुनेच्या बोटात आहे. फवारणीचे पैसे मेव्हण्याकडून आले.

मागणं एकच आहे. पावतीवर हिरा लिहा. नियमाची वाट बघू नका. येत्या चतुर्थीला मुंबईकर येतील, खरेदी होईल, तेव्हापासूनच सुरू करा. तात्यांच्या अंगठीची पावती कशी असायला हवी होती, ते नमुना म्हणून खाली देतो.

अंगठी, १ नग. एकूण वजन ६.१४० ग्रॅम. हिरे ७ नग, गोल, एकूण ०.७० कॅरेट म्हणजे ०.१४० ग्रॅम, नैसर्गिक, रंग आय-जे, शुद्धता एसआय. निव्वळ सोनं ६.००० ग्रॅम, १८ कॅरेट, एचयूआयडी अमुक. सोन्याचे अमुक, हिऱ्यांचे अमुक, मजुरी अमुक, जीएसटी अमुक. परत आणल्यास सोनं त्या दिवसाच्या भावाने, हिरे वरच्या रकमेच्या अमुक टक्क्यांनी रोख, अमुक टक्क्यांनी बदली. सोनेतारणात हिऱ्यांची किंमत धरली जात नाही.

तात्यांच्या त्या चिठ्ठीवर शिल्लक राहिलेल्या जागेत मी हे पेन्सिलीने लिहून बघितलं. सहा ओळींत बसतं, वर तुमच्या सहीलाही जागा उरते.

आपला,
एक निवृत्त असॉर्टर
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग